कुशीवरचं अर्थशास्त्र

"ताई, अर्थशास्त्राचे सर टीव्हीत हायेत," कॉलेजच्या खिडकीतल्या क्लार्कनं मला सांगितलं. असं सांगितलं, की जसं काही सर जेवायला गेलेत आणि आत्ता येतील.

भोकरदनच्या त्या कॉलेजात अर्थशास्त्राचे सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या जागी दुसरं कोणी आलं न्हाई. खुर्ची आहे, तिच्यावर क्लार्कची डब्याची पिशवी असते. आता नव्या धोरणात मराठी-इतिहास घेणाऱ्यालाही चार क्रेडिटचा एक अर्थशास्त्राचा कोर्स करावाच लागतो. कोर्स आहे आणि माणूस न्हाई, म्हणल्यावर विद्यापीठानं तोड काढली. सरकारी शैक्षणिक चॅनलवर रोज दुपारी तास लागतो, तो घरी बसून बघा, गृहपाठ लिहून पाठवा, शेवटी परीक्षा द्या आणि चार क्रेडिट घ्या. आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठून येणार, असं आमच्याकडं म्हणतात. विद्यापीठाचं म्हणणं, पोहऱ्याला डिश लावा, येईल.

मला हसण्यावारी नेता येत नव्हतं. मी केदारखेड्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका होते. पर्यवेक्षिकेच्या जागा निघणार होत्या. अट पदवीची, आणि वयाची अट अशी, की ह्या खेपेला अर्ज केला तर केला, पुढच्या खेपेला मी सरकारच्या दृष्टीनं म्हातारी. लग्न ठरताना सासरच्यांनी "पोरीला शिकू देऊ की" असं भर बैठकीत म्हणलं होतं. म्हणायला काय जातं! मग दोन लेकरं झाली, ती शाळेत गेली, तेव्हा कुठं मी राहिलेलं बी.ए. हातात घेतलं आणि एकेक विषय सोडवत आणला. शेवटी गाडी अडली ती ह्या चार क्रेडिटांवर. ती मिळाली तर पदवी, पदवी मिळाली तर अर्ज. न्हाई मिळाली तर जन्मभर पोरांची वजनं करा आणि खिचडी ढवळा.

टीव्ही आमच्या घरात होता. प्रश्न टीव्हीचा नव्हताच, तो ज्या खोलीत होता तिचा होता. आमच्याकडं पूर्वी मेंढरं होती, आता शेती आणि चार शेळ्या. त्यातल्याच एका शेळीमागं पळताना सासरे बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. जालन्याला नेलं, आत रॉड टाकला आणि घरी आणून पुढच्या खोलीत खाटेवर घातलं. टीव्ही त्याच खोलीत. आणि आमच्यात सून सासऱ्यापुढं बसत न्हाई. खुर्चीवर न्हाई, खाटेवर तर न्हाईच न्हाई. तोंडावर बोलत बी न्हाई. अंगणवाडीत मी सरपंचासमोर खुर्ची ओढून बसायची आणि आहाराच्या तांदळावरून त्याचा घाम काढायची. घरी आलं, की तीच मी डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड. चार तासांत माझी एवढी अधोगती रोज होत होती आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही न्हाई.

कोणी म्हणेल, मोबाइलवर बघायचं. बघा की! ऑफिसनं दिलेला फोन पोरांची वजनं भरतानाच तव्यासारखा तापतो. नवऱ्याचा फोन नवऱ्याबरोबर शेतात. आणि आमच्या वस्तीवर रेंज कोणाला येते, तर लिंबावर चढलेल्याला. पुस्तक म्हणाल, तर ते संकेतस्थळावर होतं. उघडायला गेलं की एक गोल फिरायचा, फिरायचा, आणि मग तोही दमायचा.

तेव्हा ठरलं ते असं. नवऱ्यानं बापाला सांगितलं, "आबा, दुपारी तीन वाजता ह्ये चॅनल लावत जा, तिचा तास असतो." रिमोट सासऱ्यांच्या उशाखाली. ते चॅनल लावणार, आवाज मोठा ठेवणार, आणि मी दाराआड डाळ निवडत उच्च शिक्षण घेणार. घरबसल्या शिक्षण म्हणतात ते ह्यालाच.

पहिल्या दिवशी तीन वाजता सरांचा आवाज घरात घुमला. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, चहा घेऊन पुढच्या खोलीत चालल्या होत्या. त्या दारातच थबकल्या आणि त्यांनी पदर पुढं ओढला.

"अगं, परका माणूस बोलून राह्यला घरात."

"आत्या, ते टीव्हीतले सर हायेत."

"आसू दे ना. पण माणूसच हाय ना? सरळ आपल्याकडंच बघून बोलतो बया." आणि त्या तोंड फिरवून चहा देऊन आल्या. त्या दिवसापासून सर घरात असेपर्यंत आत्यांचा पदर खाली आला न्हाई. आठ दिवसांनी त्यांनी मला हळूच विचारलं, "ह्या मास्तराला लेकरंबाळं न्हाईत का गं? रोज दुपारी हितंच आसतो."

सर कसे दिसतात, ते मला माहीत नव्हतं. आवाजावरून मी एक धिप्पाड, मिशीवाला माणूस मनात उभा केला होता. आवाज भारदस्त, बोलणं पाठ केलेलं. मधूनमधून सर विचारायचे, "मागच्या बाकावरच्यांना दिसतंय ना?" मी भिंतीमागून म्हणायची, "न्हाई दिसत, सर." त्यावर सर म्हणायचे, "छान." तास संपताना म्हणायचे, "शंका असल्यास आत्ताच फोन करा." एकदा नवरा घरी होता, तेव्हा त्याच्या फोनवरून केला, लिंबाखाली जाऊन. तो नंबरच बंद. नंतर कळलं, तो तास रेकॉर्ड करून भरून ठेवला होता माझं मोठं पोरगं रांगत असताना. सर त्याच्यानंतर कदाचित रिटायर झाले असतील, आजोबा झाले असतील. आम्हाला आत्ताच फोन करा म्हणतात!

ऐकून जेवढं कळतं तेवढं मला कळत होतं. खरं अडलं ते आकृत्यांपाशी. सर म्हणाले, "आता ह्या आकृतीकडं नीट लक्ष द्या. ही रेषा इथून निघते आणि अशी इथं येते. हिला म्हणायचं मागणी वक्र." इथून म्हणजे कुठून? अशी म्हणजे कशी? मी डाळीचं सूप आपटलं आणि जरा मोठ्यानंच बोलले, "कुठून कुठं, मुडद्या? सांग की नीट!"

पुढच्या खोलीत ते ऐकू गेलंच असणार. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर जाणार. सून घरात शिव्या देती, ते बी मास्तराला!

दुसऱ्या दिवशी आकृती आली आणि सासऱ्यांचा आवाज आला. ते माझ्याशी बोलत नव्हते, कसे बोलतील? खाटेच्या पायाला एक करडू बांधलेलं असायचं, आईनं न पाजलेलं, बाटलीवर वाढवलेलं. ते त्या करडाशी बोलत होते.

"करडा, बघ बरं का. एक उभी रेघ, एक आडवी रेघ, कोपऱ्यात जोडलेल्या. मधून मागणीची रेघ चढून गेली, आपल्या टेकडीच्या चढासारखी. समजलं का? चढाची. अन् दुसरी हाय पुरवठ्याची. ती उताराची. दोघी मदी कुठं तरी गाठ घेत्यात."

करडू "म्यॅ" म्हणालं. मी डाळ सोडून वहीत मागणीची चढती रेघ काढली आणि पुरवठ्याची उतरती. आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडावर बोलायचं न्हाई हा नियम मोडला न्हाई, आणि माझं काम बी झालं. त्या दिवसापासून मामा, म्हणजे सासरे, रोज करडाला अर्थशास्त्र शिकवायला लागले. करडाला खर्चाची वक्ररेषा कळाली, मक्तेदारी कळाली. मामांना एकेक गोष्ट एवढी पटायची, की मधूनच ओरडायचे, "बराबर हाय! मास्तर बिलकुल बराबर बोलला!"

आता तुम्ही हुशार लोक म्हणाल, की किंमत वाढली तर मागणी घटते, म्हणजे रेघ उतरती पाहिजे. सरही तसंच बोलत होते. मी ऐकत होतेच की. तोंडानं घटते आणि चित्रात चढते, हे मलाही खटकलं. पण मी सरकारी नोकरीत होते. बोलायचं एक आणि कागदावर काढायचं एक, ह्यात मला नवीन ते काय वाटणार? आणि मामांनी तर करडाला दाखला देऊन पटवून दिलं होतं. "बकरीदच्या आधी बोकडाचा भाव चढतो का न्हाई? अन् गिऱ्हाईक बी तवाच चढतं का न्हाई? मंग! मास्तरनं बराबर चढ काढला." बाजारात उभं राहून जन्म गेलेला माणूस सांगतोय म्हणल्यावर मी शंका घेणारी कोण?

गृहपाठ लिहिला. पट्टी लावून, पेन्सिल टोकदार करून सगळ्या आकृत्या काढल्या. कॉलेजातून तपासून आला, वर लाल शाईत शेरा: उत्तम, आकृत्या सुबक. मी तो आत्यांना दाखवला, लेकरांना दाखवला, दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत सरकवला. मामांनी तो करडाला दाखवला. तुझ्यामुळं झालं बरं का, असं कोणीतरी कोणाला तरी म्हणायला पाहिजे होतं, पण आमच्या घरात ती सोय नव्हती.

शेऱ्याची किंमत मला नंतर कळाली. धावडा गावच्या एका पोरीनं घाईत चुकून मराठीच्या विषयाचा गृहपाठ पाठवला होता, त्यात एकही आकृती नव्हती. तिला बी शेरा तोच: उत्तम, आकृत्या सुबक.

परीक्षा दोन दिवसांवर आली. त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी मामांना उठून बसायची परवानगी दिली. इतके दिवस पाठीला चट्टे पडू नयेत म्हणून दुपारी त्यांना उजव्या कुशीवर निजवत होतो. टीव्ही बरोब्बर त्याच बाजूला, म्हणून तर तीनचा तास त्यांच्या नजरेसमोर यायचा. त्या दिवशी नवऱ्यानं पाठीमागं गोधड्यांची चळत लावली आणि त्यांना ताठ बसवलं. तीन वाजता सरांची उजळणी सुरू झाली. पहिलीच आकृती मागणीची. मी दाराआड सूप घेऊन निवांत. मला सगळं पाठ होतं.

"हात् मास्तर!" मामा ओरडले. "येडा झाला का काय? करडा, बघ, रेघ उलटी काढली यानं! मागणीला उतार देऊन राह्यला! इतके दिवस चढ देत होता ना रे तू? परीक्षा तोंडावर आली अन् बदललं व्हय?"

माझ्या हातातली डाळ तशीच राहिली. मी आत्यांना म्हणलं, "इचारा बरं, दुसरी रेघ कशी हाय?"

आत्या पदर सावरत दारात गेल्या. "ती इचारती, दुसरी कशी हाय म्हणं."

"दुसरी चढाची. सगळा उलटा कारभार!"

आत्या परत आल्या. "चढाची म्हणत्यात."

मला आधी सरांचाच राग आला. मग विचार केला. आज बदललं काय होतं? सर तेच, तास तोच, भरून ठेवलेला. बदललं होतं एकच, मामा उठून बसले होते. मी सूप बाजूला टाकलं आणि स्वयंपाकघरात फरशीवर उजव्या कुशीवर आडवी झाले. समोर माळ्याला शिडी लावलेली होती. उभं राहून बघितलं तर ती उजवीकडं उतरत आलेली दिसते. आडवं पडून बघितलं, तर तीच शिडी चढत गेलेली.

"आता गं बया! चक्कर आली का?" आत्या धावत आल्या.

"चक्कर न्हाई आत्या, अर्थशास्त्र आलं," मी म्हणलं.

माझी सगळी वही आडवी पडलेल्या माणसाची होती. प्रत्येक चढ उतार होता आणि प्रत्येक उतार चढ. मी तीन महिने मान मोडून एका मोडक्या मांडीचं अर्थशास्त्र पाठ केलं होतं! आणि परवा तेच सुबक काढून, नापास होऊन, पदवीला मुकून, आयुष्यभर खिचडी ढवळत बसणार होते. का, तर पाच पावलांवरच्या टीव्हीसमोर जाऊन बघणं रीतीला धरून नव्हतं म्हणून. मला असा संताप आला, की सांगायची सोय न्हाई. सरांचा, विद्यापीठाचा, रीतीचा, आणि सगळ्यात जास्त त्या भिंतीचा.

मी उठले. उंबरा ओलांडला. वही हातात, पदर कुठं होता ते मला माहीत न्हाई. तरातरा पुढच्या खोलीत गेले, कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि टीव्हीसमोर, मामांच्या खाटेच्या पुढ्यात ठेवली.

"मामा, पाय घ्या थोडे. मला दिसत न्हाई."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मागून आत्या कळवळल्या, "अगं पदर! अगं, पदर तरी!" मामा माझ्याकडं बघत होते. मी टीव्हीकडं बघत होते. सर धिप्पाड नव्हते. काडीसारखा एक माणूस, अंगात स्वेटर, मिशीचा पत्ता न्हाई, आणि एवढ्याशा गळ्यातून तो एवढा आवाज काढत होता. मला वाटलं, आता मामा रिमोट घेऊन टीव्ही बंद करतील. त्यांनी हात उशाखाली घातला देखील. आवाज वाढवला.

"करडा, हो बाजूला," ते म्हणाले. "तिला बघू दे."

ह्या चॅनलला मी फार नावं ठेवली होती. एकच तास दिवसातून चार-चार वेळा लावतात, दुसरं काही सुचत न्हाई का, असं मी नेहमी म्हणायची. त्या दिवशी मी त्या आळशी चॅनलच्या पाया पडायला तयार होते. उजळणी पुन्हा लागली, मी पुन्हा बघितली. दिवेलागण झाली, भाकरी आत्यांनी टाकल्या, मी खुर्ची सोडली न्हाई. पानापानावर चढ खोडून उतार काढत गेले. मामा मागून सांगत होते, "ती राह्यली, खर्चाची. ती बी उलटी आसंल. खोड." करडाला मधे न घेता सांगत होते, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

परीक्षेला प्रश्न आला: मागणी आणि पुरवठा यांचा समतोल आकृतीसह स्पष्ट करा. मी पेन्सिल टेकवली. एक क्षण मान कलती करून बघावंसं वाटलं, पण पाठीमागं पर्यवेक्षक उभा होता. ताठ बसले आणि उतार काढला.

पास झाले. चार क्रेडिट पदरात पडली, पदवी मिळाली, अर्ज गेला. पुढं यादी लागली, तिच्यात नाव आलं. वस्तीवरची माणसं पेढे खायला आली आणि जाताना टीव्हीकडं बघून म्हणाली, "काय जमाना आलाय! टीव्हीनं शिकवलं पोरीला." कॉलेजनं दाराबाहेर फळा लावला, आमच्या महाविद्यालयाची गुणवंत विद्यार्थिनी. नवरा सगळ्यांना सांगत सुटला, की डिश त्यानं बसवली होती.

माणसं गेली, तेव्हा मी पेढ्याचा डबा घेऊन पुढच्या खोलीत गेले. मामा काठी घेऊन भिंतीला टेकून बसले होते. मनातलं तीन महिन्यांचं सगळं वर आलं आणि मी बोलले.

"मामा, पहिल्याच दिवशी एकदा नुसतं ये म्हणला असता, तर काय बिघडलं असतं? भिंतीमागं डाळ निवडत बसले मी. थोडक्यात वाचले, न्हाई तर गेलंच होतं सगळं."

त्यांनी पेढा हातातच धरला. मग म्हणाले, "मी कवा नको म्हणलो?"

खरंच न्हाई. ते कधीच नको म्हणले नव्हते. आत्या म्हणल्या नव्हत्या, नवरा म्हणला नव्हता. ये बी कोणी म्हणलं नव्हतं, आणि मी बी कोणाला विचारलं नव्हतं. मला हसावं का रडावं कळेना. मी तीच प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले आणि एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला. मामांनी टीव्ही लावला. कसलीशी मालिका चालू होती, नवी नवरी सारखी जिन्यावरून पडत होती.

आत्या दाराच्या चौकटीला टेकून, उभ्यानंच बघत होत्या. मालिका रोजचीच असावी, कारण नवरी पडायच्या आधीच त्या "पडली, पडली" म्हणाल्या. रोज अशाच उभ्या राहून बघत असतील, टीव्ही घरात आल्यापासून. मला ते त्या दिवशी दिसलं. मी उठले, खुर्ची त्यांच्यापुढं सरकवली.

"आत्या, बसा ना."

आत्यांनी खुर्चीकडं बघितलं. मामांकडं बघितलं. मामा टीव्हीकडं बघत होते. मग आत्यांनी पदर नीट केला आणि हसून मला म्हणाल्या, "मला कुठं परीक्षा द्यायची हाय?"